जिवंत स्तंभाचे मंदिर : प्रस्तावना

कॉकेशस पर्वताच्या दक्षिण उतारावरून खाली येणारी अराग्वी आणि अनातोलियाच्या पठारावरून वळणे घेत येणारी म्तकवारी या दोन नद्यांचा संगम जेथे होतो, तेथे, जॉर्जियाची आजची राजधानी त्बिलिसी हिच्यापासून सुमारे 20 किलोमीटरांवर, म्त्स्खेता नावाचे एक लहानसे नगर आहे. एके काळी हेच नगर पूर्व जॉर्जियाच्या, म्हणजे प्राचीन ग्रीक व रोमन लेखकांना आयबेरिया या नावाने ठाऊक असलेल्या राज्याच्या राजधानीचे स्थान होते. ते वैभव पाचव्या शतकानंतर त्बिलिसीकडे गेले. परंतु राजे तेथून गेले तरी देव तेथेच राहिला, आणि म्हणून त्या राजांना राज्याभिषेकासाठी व अखेरच्या विश्रांतीसाठी पुनःपुन्हा याच संगमावर यावे लागले. ज्या मंदिरात ते येत, त्या स्वेतित्स्खोवेली या ऑर्थोडॉक्स महामंदिराचा इतिहास हा या ग्रंथाचा विषय आहे.

या मंदिरासंबंधी जी माहितीपत्रके यात्रेकरूंच्या हाती पडतात, त्यांत ते अकराव्या शतकातील म्हणून सांगितलेले असते. हे विधान खोटे नाही, पण त्यावर विसंबून जो आत शिरेल त्याची मोठी फसगत होईल. कारण ज्या भिंतींत तो उभा राहील त्या मुख्यतः अकराव्या शतकातील असल्या, तरी त्यांच्या पायाखाली पाचव्या शतकातील एका पाषाणमंदिराचे अवशेष आहेत, त्याच्याही खाली चौथ्या शतकातील लाकडी देवालयाच्या खुणा सापडल्या आहेत, डोक्यावरचा घुमट सतराव्या शतकात पुन्हा बांधलेला आहे, आणि भिंतींवरील चित्रांपैकी जी आज दिसतात ती, जी दिसत नाहीत त्यांच्या मानाने, थोडी आहेत. सोळाशे वर्षांहून अधिक काळ एकाच जागी, एकाच देवाच्या उपासनेसाठी, पडलेले उचलून व मोडलेले सांधून जी वास्तू उभी राहिली, तिला एका शतकाच्या नावाने ओळखणे म्हणजे तिच्या इतर सर्व कर्त्यांवर अन्याय करणे होय. म्हणून या ग्रंथात मी तिचा विचार एका पूर्ण झालेल्या कलाकृतीप्रमाणे न करता एका दीर्घ जीर्णोद्धाराप्रमाणे केला आहे. प्रत्येक पिढीने काय नवे बांधले यापेक्षा तिने काय राखून ठेवले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

मंदिराच्या उत्पत्तीची कथा सर्वश्रुत आहे, आणि ती कथा म्हणूनच सांगितली पाहिजे. म्त्स्खेत्यातील एलिओझ नावाचा एक यहुदी येशूला क्रुसावर चढविले तेव्हा जेरुसलेमात हजर होता. त्याने एका रोमन शिपायाकडून येशूचा अंगरखा विकत घेतला व तो घेऊन तो मायदेशी परतला. त्याची बहीण सिदोनिया हिने तो वस्त्रखंड उराशी कवटाळला आणि त्याच क्षणी तिने प्राण सोडला. तिच्या हातांतून तो कोणालाही सोडविता आला नाही, म्हणून तिच्यासह तो पुरण्यात आला आणि त्या जागी कालांतराने देवदाराचा एक वृक्ष वाढला. पुढे चौथ्या शतकात कॅपाडोशियाकडून आलेल्या संत नीनो हिच्या उपदेशाने राजा मिरियान व राणी नाना यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पहिल्या मंदिरासाठी तो वृक्ष तोडून त्याचे सात खांब घडविण्यात आले. सहा उभे राहिले. सातवा काही केल्या जागेवर बसेना. रात्रभर नीनोने प्रार्थना केली तेव्हा तो अधांतरी उंच चढला व मग आपण होऊन खाली येऊन आपल्या बैठकीवर स्थिर झाला. त्या खांबातून सुगंधी द्रव पाझरू लागला, त्याने व्याधी बऱ्या होऊ लागल्या, आणि मंदिराला जीवनदायी स्तंभाचे नाव मिळाले.

अशा कथा बाजूला सारून एकदम शिलालेखांकडे वळण्याची घाई अलीकडचे संशोधक करतात, ती मला मान्य नाही. या कथेचा गाभा किती जुना आहे हे पाहण्यासारखे आहे. लॅटिन इतिहासकार रुफिनस याने पाचव्या शतकाच्या अगदी आरंभी लिहिलेल्या चर्चच्या इतिहासात आयबेरियातील एका बंदिवान स्त्रीने राजाचे धर्मांतर घडविल्याचा वृत्तांत आहे. त्या वृत्तांतात स्तंभ आहे, त्याचे बैलांना व माणसांना न हलणे आहे, आणि प्रार्थनेनंतर त्याचे अधांतरी राहणेही आहे. हा वृत्तांत आपण बाकुरिउस नावाच्या, रोमनांच्या सेवेत असलेल्या आयबेरियन राजपुरुषाकडून ऐकला असे रुफिनस सांगतो. म्हणजे पहिले मंदिर उभे राहिल्यावर शंभर वर्षांच्या आत ही गोष्ट त्या देशातील राजकुलाच्या तोंडी होती. तिच्यातील चमत्कार मानावा किंवा न मानावा. तथापि एका खांबाच्या स्थानाला त्या लोकांनी आरंभापासून असाधारण पावित्र्य दिले होते, हे मात्र त्यावरून निर्विवाद ठरते. आणि मंदिराच्या पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली तेथेच आहे, कारण त्यानंतर जे जे बांधले गेले ते त्या जागेला धरूनच.

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाख्तांग गोर्गासाली या पराक्रमी राजाने लाकडी देवालयाच्या जागी दगडी बॅसिलिका उभारली. लांबट मंडप, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, असे तिचे स्वरूप होते. जॉर्जियन चर्चला स्वतःचा कॅथोलिकॉस, म्हणजे प्रमुख धर्माध्यक्ष, मिळाला तो याच राजाच्या कारकिर्दीत, आणि त्याचे पीठ याच मंदिरात स्थापन झाले. ही बॅसिलिका सुमारे पाचशे वर्षे उभी होती. 1970 च्या दशकाच्या आरंभी वास्तुशास्त्रज्ञ वाख्तांग त्सिन्त्साद्झे यांनी मंदिराच्या अंतर्भागात उत्खनन केले तेव्हा तिचे जोते आणि त्याहूनही जुन्या बांधकामाचे अवशेष उजेडात आले. जे केवळ परंपरेने सांगितले जात होते त्याला भूमीने साक्ष दिली.

आज दिसणारे भव्य मंदिर कॅथोलिकॉस मेल्किसेदेक याच्या आज्ञेने 1010 पासून 1029 पर्यंत बांधले गेले. तो काळ जॉर्जियाच्या एकीकरणाचा होता. विखुरलेली राज्ये बाग्रातिओनी कुळाच्या एका छत्राखाली येत होती, आणि नव्या राज्याला साजेसे धर्मपीठ हवे होते. मेल्किसेदेकने मंदिराला गावे, पवित्र भांडी व मूर्तिचित्रे लावून दिल्याचा दानलेख प्रसिद्ध आहे. त्यातील तपशील वाचताना आपल्याकडील देवस्थानांच्या इनामांच्या सनदा ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना काही परके वाटणार नाही. गाव कोणाकडून घेतले, किती मोल दिले, कोणत्या पूजेसाठी लावले, आणि जो हे मोडील त्याच्यावर कोणता शाप, हा क्रम सर्वत्र सारखाच.

स्थपतीचे नाव अर्सुकिद्झे. मध्ययुगातील किती मंदिरांचे कर्ते आपणास नावाने ठाऊक आहेत? येथे मात्र तो कर्ता भिंतीवर आहे. उत्तरेकडील दर्शनी भिंतीवर, मधल्या उंच कमानीच्या अंगाला, दगडात उठावाने कोरलेला एक उजवा हात दिसतो. मनगटापुढे थोडासा बाहू, मिटलेली बोटे, आणि त्या बोटांत धरलेला गुण्या, कोन काटकोनात आहे की नाही हे पाहण्याचे गवंड्याचे साधे हत्यार. जवळच अक्षरे आहेत. हा देवाचा दास अर्सुकिद्झे याचा हात, त्यास क्षमा असो, अशा अर्थाची ती प्रार्थना आहे. पूर्वेकडील शिलालेखातही हे मंदिर त्याच्या हातून झाल्याचे नमूद करून त्याच्या आत्म्यासाठी शांती मागितली आहे. राजा नाही, सेनापती नाही, आकाशाला भिडणाऱ्या भिंतीवर गुण्या धरलेला हात: एवढा मान कारागिराला देणारे दुसरे राजदेवालय माझ्या माहितीत नाही.

या हातावरून लोकांनी एक भयंकर कथा रचली. अर्सुकिद्झेच्या कीर्तीचा मत्सर वाटून त्याच्याच गुरूने राजाचे कान भरले व राजाने त्याचा उजवा हात तोडविला, अशी ती कथा. विसाव्या शतकातील थोर जॉर्जियन कादंबरीकार कॉन्स्तान्तिने गाम्साखुर्दिया यांनी 1939 साली तिच्या आधारे एक कादंबरी लिहिली, आणि तेव्हापासून कथेलाच इतिहासाची प्रतिष्ठा आली. शिलालेखात या क्रौर्याचा मागमूस नाही. ज्या हाताने हे घडविले त्याचा सन्मान करण्यासाठी तो कोरलेला आहे, असे मी त्या भिंतीच्या साक्षीने मानतो. पण असले मंदिर फुकट मिळत नसते, त्याचे मोल कोणीतरी रक्ताने चुकविलेले असते, ही लोकमानसाची जाणीव खोटी आहे असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

पूर्वेच्या भिंतीवर आणखी एक गोष्ट आहे. भिंतीच्या घडीव पिवळसर दगडांत बैलांची दोन मस्तके बसविलेली आहेत. त्यांची घडण भोवतालच्या नाजूक वेलबुट्टीहून जाड व जुन्या धाटणीची आहे, आणि ती पाचव्या शतकातील बॅसिलिकेतून काढून येथे जाणीवपूर्वक बसविली, असे अभ्यासकांचे मत आहे. अर्सुकिद्झेसारख्या स्थपतीला नव्या भिंतीसाठी नवी शिल्पे घडविता येत नव्हती असे कोण म्हणेल? तरीही त्याने किंवा त्याच्या धर्मगुरूने जुन्या भिंतीतील ती दोन मस्तके उचलून नव्या भिंतीच्या माथ्यावर, सर्वांना दिसतील अशी, बसविली. मंदिराच्या अंतर्भागातही स्तंभाची जुनी जागा सोडली नाही. जीर्णोद्धाराचा धर्म म्हणतात तो हाच. जुन्याचा मान राखून नवे उभारणे, आणि नवे उभारताना जुन्याची साक्ष पुसू न देणे.

त्यानंतरच्या शतकांत भूकंपांनी या वास्तूला हादरे दिले, त्यांचा विस्तार ग्रंथात यथास्थळी केला आहे. मोठा घाव तैमूरचा. 1386 पासून 1403 पर्यंत त्याच्या फौजांनी जॉर्जियावर पुनःपुन्हा स्वाऱ्या केल्या, मुलूख बेचिराख केला, आणि स्वेतित्स्खोवेलीही त्यातून सुटले नाही. त्या उद्ध्वस्त देशाचे राज्य पुढे 1412 मध्ये आलेक्सांद्रे पहिला याच्या हाती आले. या राजाविषयी मला विशेष आदर वाटतो. खजिना रिकामा, खेडी ओस, अशा स्थितीत त्याने 1425 साली उद्ध्वस्त वास्तूंच्या पुनर्बांधणीसाठी प्रजेवर एक खास पट्टी बसविली, पंधरा वर्षे ती वसूल केली, आणि 1440 मध्ये ती आपण होऊन उठविली. एकदा बसलेली पट्टी काम संपल्यावर रद्द झाल्याची उदाहरणे कोणत्याही देशाच्या दप्तरात फार सापडणार नाहीत. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याने राज्यत्याग करून संन्यास घेतला. स्वेतित्स्खोवेलीचे जे रूप आपण अकराव्या शतकातील म्हणून पाहतो, त्यातील किती तरी दगड आलेक्सांद्रेच्या रयतेने घामाच्या पैशांनी पुन्हा उभे केलेले आहेत.

आणखी दोनशे वर्षांनी घुमटाचे बांधकाम पुन्हा हाती घ्यावे लागले, आणि ते ज्याने केले तो मनुष्य या सबंध इतिहासातील सर्वांत विलक्षण. रोस्तोम हा बाग्रातिओनी राजवंशातला खरा, पण तो इराणात वाढला, मुसलमान होता, सफवी शाहाच्या सेवेत खुस्रो मिर्झा या नावाने चढत चढत इस्फहानचा दरोगा झाला, आणि 1633 मध्ये शाहाच्या फौजेच्या बळावर कार्तली या जॉर्जियन राज्याच्या गादीवर आला. शाहाच्या लेखी तो वाली, म्हणजे सुभेदार. प्रजेच्या लेखी राजा. त्याच्या दरबारात इराणी पोशाख, इराणी अदब, इराणी कारभार. दस्तऐवज कित्येकदा दुभाषी असत, वर जॉर्जियन मजकूर आणि बाजूला किंवा खाली फारसी. परक्यांचा हस्तक म्हणून त्याची निर्भर्त्सना करणारे इतिहासकार पुष्कळ आहेत, आणि त्यांची कारणे लहान नाहीत. पण 1656 च्या सुमारास स्वेतित्स्खोवेलीचा घुमट पुन्हा उभा राहिला तो याच मुसलमान राजाच्या व त्याची ख्रिस्ती राणी मरियम हिच्या आश्रयाने. राणीने इतरही अनेक जीर्ण मंदिरे दुरुस्त केली. ज्या सत्तेने सुमारे चाळीस वर्षांपूर्वी तो देश उजाड केला, तिच्याच वालीने त्याचे मुख्य देवालय सावरावे, याला योगायोग म्हणून चालणार नाही. राज्य टिकवायचे तर त्याचा आत्मा ज्या ठिकाणी वसतो ते ठिकाण टिकविले पाहिजे, हे त्या मुत्सद्द्याने ओळखले होते.

ती उजाड करणारी स्वारी शाह अब्बासची, 1614 पासूनची, आणि तिच्यातूनच या कथेचा एक धागा आपल्या गोव्यापर्यंत आला आहे. काखेती या पूर्वेकडील जॉर्जियन राज्याची राजमाता केतेवान हिला तिचा पुत्र तेइमुराझ याने समेटासाठी शाहाकडे पाठविले. शाहाने तिला शिराझमध्ये वर्षानुवर्षे ओलीस ठेवले, आणि धर्म सोडण्यास ती अखेरपर्यंत राजी होईना तेव्हा 1624 मध्ये तिला तापलेल्या लोखंडाच्या यातना देऊन ठार करण्यात आले. त्या वेळी शिराझमध्ये असलेल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गुप्तपणे मिळविले. काही भाग जॉर्जियात पोचला, काही त्यांनी जुन्या गोव्यातील आपल्या मठात आणून ठेवला. त्या सेंट ऑगस्टिन मठाचा मोडका मनोरा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पोर्तुगीज कागदांत अवशेषांचे स्थान खिडकीच्या खुणेसह लिहून ठेवलेले होते. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात ते सापडले, हैदराबादच्या प्रयोगशाळेने त्यांची आनुवंशिक तपासणी केली, आणि 2021 च्या जुलै महिन्यात भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांतील एक भाग त्बिलिसीत जाऊन समारंभपूर्वक जॉर्जियाच्या स्वाधीन केला. केतेवानचे चरित्र स्वेतित्स्खोवेलीच्या इतिहासाचा भाग नव्हे. परंतु रोस्तोमने घुमट बांधला तेव्हा त्या देशाने नुकते काय भोगले होते, हे मराठी वाचकाला समजावून देण्यास याहून जवळचा दाखला मिळणार नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजा एरेक्ले दुसरा याने मंदिराभोवती आठ बुरुजांचा तट बांधला. तो आज उभा आहे. एरेक्ले व त्याचा पुत्र, शेवटचा राजा गिओर्गी बारावा, हे दोघेही याच मंदिरात चिरविश्रांती घेत आहेत.

1801 मध्ये रशियाने जॉर्जियाचे राज्य आपल्या साम्राज्यात सामील केले, आणि 1811 मध्ये जॉर्जियन चर्चचे स्वातंत्र्य काढून घेऊन ते रशियन धर्मसत्तेच्या अंमलाखाली घातले. दोन्ही चर्चे ऑर्थोडॉक्स, एकाच श्रद्धेची, एकाच संस्कारांची. असे असता, ज्या मंदिराने तैमूर पाहिला व शाह अब्बासचा काळ पाहिला, त्याच्या भित्तिचित्रांची सर्वांत मोठी हानी या धर्मबंधूंच्या हातून झाली. 1830 च्या दशकात मंदिर नीटनेटके दिसावे म्हणून चित्रांवर सरसकट चुना फासण्यात आला आणि भोवतालच्या जुन्या ओवऱ्या पाडण्यात आल्या. यात द्वेष नव्हता, निदान उघड द्वेष नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक शोचनीय वाटते. शत्रूने जाळलेले पुन्हा बांधावे असे प्रत्येक पिढीला वाटते, पण कारकुनी स्वच्छतेने जे पुसले जाते त्याचा शोकसुद्धा कोणी करीत नाही. पुढे त्या चुन्याखालून काळजीपूर्वक काही चित्रे मोकळी करण्यात आली. दक्षिण भिंतीवरील, राशिचक्र व अंतिम न्यायाच्या काळातील श्वापदे दाखविणारे सतराव्या शतकातील चित्र आज पाहता येते. जुन्या स्तंभाच्या जागेवर उभारलेली दगडी मेघडंबरी व तिच्यावर रंगविलेली धर्मांतराची कथाही सतराव्या शतकातलीच.

झारची सत्ता कोसळल्याबरोबर, जुन्या पंचांगाप्रमाणे 12 मार्च 1917 रोजी, जॉर्जियन धर्माधिकारी व लोक याच मंदिरात जमले आणि त्यांनी आपल्या चर्चचे स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केले. त्याच वर्षी कीरिओन दुसरा हा कॅथोलिकॉस येथेच पीठारूढ झाला. पुढल्याच वर्षी त्याची हत्या झाली. सोव्हिएत राजवटीतील दिवस कसे गेले, आणि त्या धर्मविरोधी राजवटीतही वास्तुशास्त्रज्ञांनी या मंदिराचा अभ्यास किती निष्ठेने केला, हे वाचकाला पुढे आढळेल. 1994 मध्ये म्त्स्खेत्याच्या वास्तू जागतिक वारशाच्या यादीत आल्या. 2009 मध्ये त्यांचा समावेश धोक्यातील वारशांत झाला, आणि 2016 मध्ये तो शेरा काढण्यात आला. दर वर्षी 14 ऑक्टोबरला मंदिराचा उत्सव असतो. तेव्हा देशभरातून लोक येतात व येथे मुलांना बाप्तिस्मा देतात.

ऑर्थोडॉक्स हे नाव वाचून आपल्याकडील वाचकाला प्रथम केरळातील मलंकारा चर्चचे स्मरण होईल. ती परंपरा वेगळी. ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी 451 साली कॅल्सेडॉन येथे जो वाद निर्णीत झाला, त्यानंतर पूर्वेकडील चर्चे दोन वाटांनी गेली. जॉर्जियन चर्च अखेर कॉन्स्टँटिनोपलच्या बाजूला राहिले, मलंकारा चर्चचे नाते अँटिऑकच्या सिरियन परंपरेशी जुळले. दोन्हींना एकच विशेषण लागते, पण ती एका कुटुंबातील नव्हेत. जॉर्जियन नावे देवनागरीत लिहिताना त्यांतील जोडाक्षरे मी सुटी केलेली नाहीत. ती उच्चारणे कष्टाचे आहे हे खरे, तथापि मोडून सोपी केलेली नावे शोधणाऱ्याच्या उपयोगी पडत नाहीत.

शेवटी अभ्यासकांना एक विनंती. सफवी काळातील जॉर्जियन राज्यकारभाराचे दुभाषी कागद मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत, आणि त्यांतील फारसी भाग वाचण्यासाठी जी तयारी लागते ती महाराष्ट्रात शे-दीडशे वर्षांपासून आहे. आदिलशाही व मोगली फर्माने, सनदा, महजर वाचीत आपल्या संशोधकांच्या पिढ्या घडल्या. त्या शिस्तीत तयार झालेल्या तरुणांपैकी एक-दोघांनी जरी जॉर्जियन लिपी शिकून त्या दप्तरांकडे दृष्टी वळविली, तरी रोस्तोमच्या घुमटाचा खर्च कोणत्या बाबीतून निघाला, पाथरवटांना काय मिळाले, दगड कोठून आला, असे जे प्रश्न या ग्रंथात अनुत्तरित राहिले आहेत, त्यांची उत्तरे मिळण्याचा संभव आहे. ते काम कोणी हाती घेईल तर हा ग्रंथ जुना झाल्याचा मला आनंदच होईल.